पिवळा रंग : सारखे सारखे येणारे प्रश्न

मी मुलांचे चित्रकलेचे क्लास घेते. पालक, मुलं, सोसायटीतल्या मैत्रिणी व्हॉट्सॲपवर रंगांबद्दल कायम काहीतरी विचारत असतात, आणि त्यात सगळ्यात जास्त प्रश्न पिवळ्याचे, कारण हा रंग हळदीच्या रूपात आपल्याकडे मिसळणाच्या डब्यातच भरलेला असतो. तेच प्रश्न इथे एकत्र केलेत. नंबर दिलेत म्हणजे एका उत्तरातून दुसऱ्याकडे जाता येईल.

१. पिवळा मूळ रंग आहे की मिश्रण? शाळेत मूळ सांगतात आणि मुलगा म्हणतो मोबाईलमध्ये लाल-हिरवा मिळून पिवळा होतो.

दोघंही बरोबर आहेत, कारण शाळा रंगपेटीबद्दल बोलतेय आणि मुलगा उजेडाबद्दल. रंगपेटीत कुठलेही दोन रंग कालवून चांगला पिवळा होत नाही, तो विकतच घ्यावा लागतो, प्रिंटरमध्येसुद्धा पिवळ्या शाईची वेगळी बाटली असते. उजेडाचं गणित वेगळं. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या असतात आणि त्यात पिवळ्यासाठी अशी खास पेशी नाहीच. लांब लहरींवाल्या आणि मधल्या लहरींवाल्या पेशी साधारण सारख्याच जोरात जाग्या झाल्या आणि निळ्यावाली गप्प बसली की मेंदू म्हणतो, हा पिवळा. खात्री करायची तर मोबाईलवर पिवळा फोटो उघडा आणि स्क्रीनवर पाण्याचा अगदी बारीक थेंब ठेवा. थेंब भिंगाचं काम करतो आणि आत लाल-हिरवे ठिपके दिसतात. क्लासमध्ये हे दाखवलं की पाच मिनिटं कोणी चित्राकडे बघत नाही.

२. म्हणजे दोन पिवळे सेम दिसूनही आतून वेगळे असू शकतात?

हो, आणि मला ही गोष्ट फार आवडते. इंद्रधनुष्यातला पिवळा म्हणजे साधारण ५७० ते ५९० नॅनोमीटर लांबीच्या लहरी. वरणाचं पाणी उतू जाऊन गॅसवर सांडलं की निळी ज्योत एकदम पिवळी होते ना, ते मिठातलं सोडियम तापून चमकतंय, त्याचा उजेड ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे अगदी शुद्ध पिवळा. स्क्रीनवरचा पिवळा डोळ्याला तसाच वाटतो पण त्यात लाल आणि हिरवा असे दोन उजेड असतात. फरक कळतो तो त्या उजेडात दुसरी वस्तू धरल्यावर. निव्वळ सोडियमच्या दिव्याखाली लाल साडी काळपट-मातकट दिसते, कारण त्या उजेडात लाल नाहीच, परत काय येणार? म्हणून साडी घेताना दुकानाबाहेर उन्हात नेऊन बघायची आईची सवय शंभर टक्के बरोबर होती.

३. सूर्य पिवळा आहे ना?

नाही, पांढरा. हवेत निळा उजेड जास्त विखुरतो, तो आकाशभर पसरतो, आणि उरलेला थेट आपल्याकडे येतो तो पिवळट वाटतो, सकाळ-संध्याकाळी तर केशरी. पण मुलाने पिवळा काढला असेल तर खोडायला लावू नका, त्याने जे बघितलं तेच काढलंय.

४. हळद इतकी पिवळी कशामुळे? आणि चुना लावला की लाल का होते?

हळदीतल्या पिवळेपणाला कर्क्युमिन म्हणतात, ते १८१५ मध्ये पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं. हा रेणू निळा-जांभळा उजेड शोषून घेतो, उरतो तो पिवळा. आसपास अल्कली म्हणजे चुना, सोडा, साबण असं काही आलं की रेणूची ठेवण बदलते, तो वेगळा उजेड शोषायला लागतो आणि आपल्याला तांबडालाल दिसतो. जुन्या पद्धतीचं कुंकू असंच बनायचं, हळदीवर चुना किंवा लिंबू-टाकणखार वापरून. पंढरपूर आणि करमाळ्याजवळचं केम ही कुंकवाची गावं. म्हणजे हळदीकुंकवाच्या दोन कोयऱ्यांत खरं तर एकच पदार्थ दोन रूपात बसलेला असायचा. आता बाजारात मिळतं ते बरंचसं कुंकू रंग घातलेली पूड असते, कपाळावर खाज आली तर हे आधी तपासा.

घरी करायचा प्रयोग: चिमूटभर हळद सॅनिटायझरमध्ये ढवळा आणि नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली धरा, हिरवट-पिवळी चमकते.

५. पांढऱ्या ड्रेसवर हळद सांडली, साबण लावला तर लालच झाला! आता काय?

घाबरू नका, नवा डाग नाहीये तो, प्रश्न ४ मधली तीच गंमत आहे. साबण पाण्याने पूर्ण काढा, थोडं लिंबू लावलं की परत पिवळा होईल. मग धुवून ओलाच कडक उन्हात टाका. कर्क्युमिनला ऊन सोसत नाही, एकदोन दिवसांत डाग फिका पडत जातो. तेलाचा डाग असेल तर आधी भांड्याच्या साबणाने तेल काढा, नाहीतर ऊन नुसतं वरवर काम करतं.

६. हळद दूध पिऊन गोरं होता येतं का?

नाही. ‘पी हळद अन् हो गोरी’ ही म्हण मुळात उतावळ्या माणसासाठी आहे, आज केलं की आजच फळ पाहिजे असणाऱ्यासाठी. दूध-हळद आवडत असेल तर जरूर प्या. पण एखाद्या पोरीला गोरी हो म्हणून पाजत असाल तर मला मनापासून वाईट वाटतं.

७. हळद जितकी पिवळीधमक तितकी चांगली असते ना?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो म्हणून लांब लिहितेय. नाही. खऱ्या हळदीचा पिवळा थोडा मातकट, केशरीकडे झुकणारा असतो आणि जातीप्रमाणे, गावाप्रमाणे बदलतो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, वर्ध्याच्या वायगाव हळदीला त्याआधी २०१६ मध्ये, आणि दोन्ही शेजारी ठेवल्या तर रंग सेम दिसणार नाही. शेतातून काढलेले गड्डे शिजवायचे, वाळवायचे, पॉलिश करायचे, तेव्हा कुठे हळकुंड होतं, पीकच मुळात आठ-नऊ महिन्यांचं. सांगलीजवळ हरिपूरला तर हळद जमिनीखालच्या पेवांमध्ये साठवायचे, २००५ च्या महापुरात त्या पेवांचं फार नुकसान झालं.

एवढ्या कष्टाची वस्तू जेव्हा पिकत नाही तितकी पिवळी दिसते तेव्हा शंका घ्यायची. भेसळीत दोन नावं येतात, मेटॅनिल यलो हा खायला बंदी असलेला रंग आणि लेड क्रोमेट, म्हणजे शिसं असलेला पिवळा रंग. शिशाने लहान मुलांच्या मेंदूवर कायमचा परिणाम होतो. नुसती पावडर टाळून भागत नाही, बांगलादेशात २०१९ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की हळकुंडं पॉलिश करतानाच लेड क्रोमेट चोळलं जात होतं, का तर गिऱ्हाईकाला पिवळीधमक आवडते. (लेड क्रोमेट हे नाव लक्षात ठेवा, प्रश्न १३ मध्ये परत येणार आहे.)

घरी एवढं करता येतं: काचेच्या ग्लासात पाणी घ्या, वरून चमचाभर हळद सोडा, ढवळू नका. चांगली हळद खाली बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं, रंग घातलेली असेल तर पाणी लगेच गडद पिवळं होतं. अख्खं हळकुंड पाण्यात टाकून त्याने लगेच रंग सोडला तरी तेच समजा. ही ढोबळ तपासणी आहे, शिसं आहे की नाही ते लॅबच सांगते. मी स्वतः ओळखीच्या शेतकऱ्याकडून वर्षाचं हळकुंड घेते आणि दळून आणते, रंग दिसायला साधा असतो आणि पोहे मस्त होतात.

८. अमेरिकेने आपल्या हळदीचं पेटंट घेतलं होतं ते खरं की फॉरवर्ड?

खरं. मार्च १९९५ मध्ये तिथल्या एका विद्यापीठाला जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक होते, आव्हान दिलं आणि हे ज्ञान आधीपासून आहे याचे लेखी पुरावे लावले, त्यात संस्कृत ग्रंथांपासून १९५३ च्या एका वैद्यकीय लेखापर्यंत सगळं होतं. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. फॉरवर्डमध्ये ‘हळदीचं पेटंट’ म्हणतात ते तेवढं चूक, पेटंट हळदीवर नव्हतं, तिच्या त्या वापरावर होतं.

९. जेजुरीला भंडारा का उधळतात? तो हळदच असतो का?

भंडारा म्हणजे हळदीची पूड. खंडोबाला ती सोन्याच्या जागी वाहिली जाते, म्हणून तर सोन्याची जेजुरी. सोमवती अमावस्येला पालखी कऱ्हा नदीवर निघते तेव्हा गडाच्या पायऱ्या, दीपमाळा, माणसांच्या भुवया, सगळं एकाच रंगाचं होतं, येळकोट येळकोट जय मल्हारच्या गजरात भंडारा आणि खोबरं वरून पडत असतं आणि समोरचा माणूस श्रीमंत की गरीब ते ओळखू येत नाही. मी रंगांवर इतकं वाचलंय पण एकाच रंगाच्या आत उभं राहणं काय असतं ते तिथेच कळलं. कोल्हापूर भागात पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेतही असाच भंडारा असतो. भाषेतही तो शिरलाय, बेलभंडारा उचलला म्हणजे शपथ घेतली, त्यानंतर शब्द फिरवायचा नाही.

तो हळदच असावा ही अपेक्षा, पण स्वस्त पिवळी पूड भंडारा म्हणून विकली जाते आणि ती डोळ्यात-नाकात जाते. घरून दळलेली हळद न्या. गर्दीत उधळताना दिव्यांपासून, पेटत्या कापरापासून लांब राहा, हवेत उडालेली कुठलीही बारीक पूड भडकू शकते.

१०. लग्नात हळद आधी नवऱ्याला का? आणि नवरीची साडी पिवळीच का लागते?

रीत अशी की नवऱ्याला लावून उरलेली ‘उष्टी हळद’ नवरीकडे पाठवायची. त्यामागे शास्त्र वगैरे शोधू नका, दोन घरं एका वाटीने जोडायची पद्धत आहे. पिवळी साडी म्हणजे अष्टपुत्री, बऱ्याच घरांत ती मामाकडून येते. नावात आठ मुलगे आहेत, ते मला पटत नाही, पण साडीचा तो रंग मात्र कुठल्याही डिझायनर लेहेंग्यापेक्षा सुंदर दिसतो.

११. नवरा नसलेल्या बाईला हळदीकुंकवाला बोलवावं का? सासूबाई नको म्हणतात.

बोलवा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांच्या कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं असल्या प्रथा बंद करायचा ठरावच केला आणि त्यानंतर राज्य सरकारनेही बाकी ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. हळद जमिनीतून येते, तिला कोणाचा नवरा आहे की नाही माहीत नसतं. सासूबाईंशी भांडू नका, त्यांना हेरवाडची गोष्ट सांगा आणि पहिलं बोट तुम्ही लावा.

१२. ‘हरताळ फासणे’ मधला हरताळ म्हणजे संप ना?

नाही! इथे सगळे फसतात. हा हरताळ म्हणजे एक पिवळं खनिज, आर्सेनिक आणि गंधक यांचं संयुग, संस्कृतात हरिताल. हाताने पोथ्या लिहायचे तेव्हा चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा लेप द्यायचे आणि सुकल्यावर त्यावर नवं लिहायचे. आजच्या व्हाइटनरचं काम हरताळ करत होता, पांढऱ्याऐवजी पिवळ्या रंगात, आणि विषारी असल्यामुळे कीडही लांब राहायची. म्हणून एखाद्याच्या मेहनतीवर हरताळ फासला म्हणजे ती पुसून टाकली. संपाचा हरताळ वेगळा, तो हट्ट म्हणजे दुकान-बाजार आणि ताळ म्हणजे कुलूप यातून आलाय. जुन्या पोथीवर पिवळे डाग दिसले तर बोट लावून तोंडात घालू नका, पानं उलटताना थुंकी तर अजिबात नको.

१३. व्हॅन गॉगची सूर्यफुलं तपकिरी होतायत हे खरं का?

खरं. त्याने फ्रान्समधल्या आर्ल गावात १८८८ च्या ऑगस्टमध्ये ही मालिका सुरू केली आणि त्यात क्रोम यलो भरपूर वापरला. क्रोम यलो म्हणजेच लेड क्रोमेट, प्रश्न ७ मधलं, जे कोणी हळकुंडाला चोळलं तेच त्या पाकळ्यांमध्ये आहे. उजेडाने त्यातलं क्रोमियम बदलतं आणि पिवळ्यावर तपकिरी झाक येते, २०११ मध्ये क्ष-किरण वापरून संशोधकांनी हे नक्की केलं. ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयाने त्यांच्याकडच्या चित्रावरचा उजेड कमी केला आणि २०१९ मध्ये जाहीर केलं की ते आता प्रवासाला जाणार नाही. छापील पोस्टर बघून आपण ज्या पिवळ्याला सूर्यफूल म्हणतो तो त्याने लावलेला पिवळा नाही, आणि तो परत कोणाला दिसणारही नाही. मला हे प्रत्येक वेळी सांगताना थोडं गलबलतं.

१४. गाईच्या मुतापासून पिवळा रंग बनवायचे, असं कुठेतरी वाचलं. थाप आहे का?

बरीच वर्षं लोकांना थापच वाटायची. रंगाचं नाव इंडियन यलो, आपल्याकडे पिवरी किंवा प्युरी, पहाडी आणि राजस्थानी लघुचित्रांत तो खूप दिसतो, विलायतेत टर्नर या चित्रकारानेही वापरला. १८८३ मध्ये त्रैलोक्यनाथ मुखर्जी यांनी लिहून ठेवलं की बिहारमध्ये मुंगेरजवळच्या मिर्झापूर गावातले गवळी गाईंना आंब्याची पानं खायला घालतात, मूत्र आटवतात आणि गोळे करून विकतात. त्यांनी पाठवलेले नमुने लंडनच्या क्यू बागेत जपले होते, अलीकडे ते तपासले तेव्हा मूत्राची खूण सापडली. नुसत्या पानांवर गाई खंगत होत्या, असंही त्यांनीच लिहिलंय. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा रंग बाजारातून गेला, आणि त्याबद्दल मला हळहळ नाही.

१५. मग टिकणारा, बिनविषारी असा एकही पिवळा नाही का?

आहे की, पायाखालीच. पिवळी माती, रंगपेटीत तिला यलो ऑकर म्हणतात. अजिंठ्याच्या भिंतींवरचा पिवळा हाच, साधारण दीड हजार वर्षांनीही शाबूत. लोखंडाचा गंज आणि पाणी यांचं लग्न म्हणा. भाजली की पाणी निघून जातं आणि गेरूसारखी लाल होते, म्हणजे पिवळ्यातून लाल निघायचा हा दुसरा रस्ता (पहिला प्रश्न ४ मध्ये). झळाळी नाही तिच्यात, पण दुपारच्या उन्हातली भिंत रंगवायला दुसरं काही लागत नाही.

१६. मुलांसाठी कुठला पिवळा घेऊ? चित्रात हळद वापरली तर चालेल?

दोन घ्या, एक लेमन आणि एक गरम, आंब्याच्या रंगाकडे जाणारा. लेमनमध्ये निळा घातला की पोपटी-ताजा हिरवा मिळतो, गरम पिवळ्यात घातला की शेवाळी होतो, ‘माझा हिरवा घाण होतो’ या तक्रारीचं कारण नव्वद टक्के हेच. मोठ्यांच्या ट्यूबवर बारीक अक्षरात पीवाय (पिगमेंट यलो) आणि एक नंबर असतो, पीवाय ३४ म्हणजे खरा लेड क्रोमेट, तो मुलांच्या हातात नको. नावापुढे ‘ह्यू’ असेल तर तशी छटा आहे, मूळ रंगद्रव्य नाही. हळद जरूर वापरा, कागदावर हळद लावून साबणाच्या पाण्याने ब्रश फिरवला की लाल रेघ उमटते, मुलं वेडी होतात. पण फ्रेम करून खिडकीसमोर लावू नका, का ते प्रश्न ५ मध्ये आहे.

१७. टॅक्सी, स्कूल बस, भाड्याच्या गाडीची नंबर प्लेट, सगळं पिवळंच का?

दिवसाउजेडी डोळा सगळ्यात जास्त संवेदनशील असतो तो ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हिरव्या-पिवळ्याच्या सीमेवर. त्यावर काळं लिहिलं की लांबून वाचता येतं. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली, टॅक्सीचे रंग तेच राहिले. एक अपवाद: भाड्याची इलेक्ट्रिक गाडी असेल तर प्लेट हिरवी आणि अक्षरं पिवळी.

१८. पिवळं रेशनकार्ड, पिवळी पत्रकारिता, यात पिवळ्याने काय वाईट केलं?

काहीच नाही, दोन्हींचा संबंध नाही. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून तीन रंगांची कार्डं आली, पिवळं दारिद्र्यरेषेखाली, मग केशरी, मग पांढरं. पिवळी पत्रकारिता न्यूयॉर्कची, १८९५ च्या सुमारास तिथल्या पेपरात पिवळा झगा घातलेल्या एका पोराचं व्यंगचित्र यायचं आणि दोन पेपरांत त्यावरून ओढाताण झाली, तिथून नाव पडलं.

१९. कावीळ झालेल्याला खरंच सगळं पिवळं दिसतं?

सहसा नाही. रक्तात बिलिरुबिन वाढतं आणि डोळ्याचा पांढरा भाग पिवळा होतो, नजर नाही. बघायचं तर दिवसाच्या उजेडात बघा, पिवळ्या बल्बखाली चुकायला होतं. गाजरं फार खाल्ली तर तळहात पिवळे होऊ शकतात पण डोळे पांढरेच राहतात. बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात ते याचसाठी, पिवळा पदार्थ निळा उजेड शोषतो (हळदीसारखाच, प्रश्न ४) आणि बिलिरुबिन शरीराबाहेर टाकता येईल अशा रूपात बदलतं. पण हे वाचून घरी निळा बल्ब लावू नका आणि गळ्यात माळा घालून वाट बघत बसू नका, डॉक्टरकडे जा.

२०. खरा पिवळा बघायचा तर कुठे जाऊ?

एप्रिल-मेमध्ये बहावा शोधा, पुण्या-मुंबईत रस्त्याकडेला असतोच, सकाळी लवकर जा, खाली पडलेल्या पाकळ्या झाडायच्या आत. सप्टेंबरमध्ये सह्याद्रीच्या पठारांवर सोनकी फुलते, कासला गेलात तर फुलांवर पाय टाकू नका. आंब्याच्या-वडाच्या शेंड्याला हळद्या पक्षी शीळ घालत असतो, आवाज आला की थांबा, दिसायला वेळ लागतो. फोटोत बहाव्याचे घोस चपटे, नुसता पिवळा पॅच येतात अशी सगळ्यांची तक्रार असते, ते कॅमेऱ्यात लाल आणि हिरवा दोन्ही एकदम भरून जातात म्हणून (प्रश्न १). फुलावर बोट ठेवा आणि उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा, पाकळ्या वेगळ्या दिसायला लागतील.